पुस्तकांची पंगत

हिवरा आश्रमाची पंगत ज्याने पाहिली नाही, त्याला तिचे वर्णन अतिशयोक्त वाटते. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले हे गाव. साठच्या दशकात शुकदास महाराजांनी येथे विवेकानंद आश्रम उभा केला आणि ‘आश्रम’ हा शब्द गावाच्या नावाला कायमचा चिकटला. दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. अखेरच्या दिवशी मोकळ्या रानात लाखाहून अधिक माणसे ओळी धरून बसतात आणि पुरी नि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून त्या ओळींमध्ये फिरत येते. वाढणारी बहुतेक तरणी पोरे असतात. जेवणाऱ्याला जागचे उठावे लागत नाही. नाव, गाव, जात कोणी विचारत नाही.

मी याच तालुक्यातला. लहानपणापासून ही पंगत पाहत आलो. मराठी ग्रंथालयांच्या इतिहासावर काम सुरू केल्यानंतर मात्र तिच्याकडे पाहताना मनात एक विचित्र प्रश्न येऊ लागला. एका दिवशी लाखभर पानांपर्यंत अन्न नेणारी व्यवस्था ज्या मातीत सहज उभी राहते, तेथे चौदा वर्षांच्या पोराच्या हातापर्यंत एक गोष्टीचे पुस्तक नेणारी व्यवस्था का उभी राहिली नाही? पाठ्यपुस्तक पोहोचले, मार्गदर्शक पोहोचले, आता मोबाईलही पोहोचला. केवळ मजेसाठी वाचायचे पुस्तक पोहोचले नाही. प्रस्तुत लेख या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

माग काढायला एक धागाही हिवऱ्यातच सापडतो. २०१७ च्या सप्टेंबरात एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हिवरा आश्रम येथे भरणार असे जाहीर झाले. आमच्या भागाला झालेला आनंद मला आठवतो. मेहकरने मराठीला ना. घ. देशपांडे यांच्यासारखा कवी दिला होता. वकिली करत करत त्यांनी याच गावात आयुष्य काढले आणि ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही येथेच राहून मिळवला. त्या तालुक्यात संमेलन येणार होते. पण स्थळाविषयी आक्षेप निघाले, वाद पेटला आणि आश्रमाने निमंत्रण मागे घेतले. संमेलन बडोद्याला गेले व फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथे पार पडले.

त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. कोण बरोबर, कोण चूक, हा या लेखाचा विषय नाही. मला खटकली ती वेगळी गोष्ट. संमेलन आले असते तर ग्रंथप्रदर्शनाच्या मांडवात परिसरातल्या शाळांची हजारो मुले आली असती. ती संधी गेली याची हळहळ मी त्या गदारोळात कुठेच ऐकली नाही. योगायोग असा, की संमेलन हिवऱ्याहून गेले ते नेमके त्या नगरीत, जिने शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांची पंगत कशी वाढायची हे साऱ्या देशाला दाखवून दिले होते. तेथे जाण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

१

आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास जुना आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यात काही वावगे नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे. नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. पुण्याच्या संस्थेमागे लोकहितवादींसारखा माणूस होता. यांपैकी अनेकांचे पहिले नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. नावावरूनच वर्ग कळतो: सरकारी नोकर, वकील, शिक्षक, इंग्रजी शिकलेली नवी मंडळी. ही माणसे वर्गणी भरत, वर्तमानपत्रे चाळत, देशस्थितीवर बोलत. या चित्रात पोरांना जागा नव्हती. पोराने शाळेत असावे किंवा शेतात, असा संकेत होता. मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता.

तरीही वाचन कुठे ना कुठे झिरपत होतेच. त्याचा सर्वांत ठळक पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून निघाले. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलडाणा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंचे शिक्षण घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले. या पुस्तकाचा गौरव आपण स्त्रीमुक्तीच्या संदर्भात करतो आणि ते योग्यच आहे. ग्रंथालयाच्या अभ्यासकाने मात्र ते थोडे वेगळ्या नजरेने वाचावे. ताराबाई त्या काळच्या रंजक वाङ्मयाची, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची उलटतपासणी करतात. यांतल्या बायका अशाच का रंगवल्या, असे विचारतात. एवढी तपासणी करायची तर ती पुस्तके आधी वाचलेली असावी लागतात, आणि चवीने वाचलेली असावी लागतात. बुलडाण्यासारख्या ठिकाणी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने घरात आलेल्या कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांतूनच वाद घालायची धार कमावली. ज्या वाङ्मयाला तेव्हाचे शहाणे लोक उथळ म्हणत, त्याच्याच अंगणात एक विचारवंत घडली. पुढे जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, हे सर्वज्ञात आहे.

ताराबाईंना पुस्तक मिळाले ते वडील तसे होते म्हणून. ज्याचे वडील तसे नाहीत त्याचे काय, हा ग्रंथालयाचा मूळ प्रश्न.

२

या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर दिले बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९०६ मध्ये त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात तेथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. शाळेत शिकलेले पोर पुढे वाचणारच नसेल तर अक्षरे विरून जातात, हे त्यांच्या लक्षात आले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांच्यानंतर काम पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी नाव ठळक आहे. १९१२ मध्ये बडोद्याहून ग्रंथालयांना वाहिलेले एक नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत.

बडोद्याच्या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत. पहिली पैशाची. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच स्थानिक मंडळाने घालावी आणि तेवढीच सरकारने. गावाचा हिस्सा असल्यामुळे ग्रंथालय गावाला आपले वाटे. दुसरी गोष्ट फिरत्या पेट्यांची. पुस्तके पेटीत भरून मध्यवर्ती कार्यालयातून गावोगाव जात, वाचून झाली की परत येत आणि दुसरी पेटी निघे. वाहतुकीचा खर्च राज्याचा. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते आणि त्यात पुस्तकांच्या जोडीला खेळ होते. मूल खेळायला यावे, खेळता खेळता पुस्तक उचलावे, वाटले तर खाली ठेवावे. वाचनाला खेळाच्या शेजारी बसवण्याचे धाडस त्या काळात भल्याभल्यांना झाले नसते.

आता आपल्या नकाशाकडे पाहू. बडोद्यात पेट्या फिरत होत्या तेव्हा बुलडाणा वऱ्हाडात होता आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला. १९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालयविकासाचा आराखडा करण्यासाठी न्यायशास्त्राचे अभ्यासक आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो आराखडा मुंबई प्रांताचा, त्यात आम्ही नव्हतो. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला, त्यातही अर्थात नव्हतो. १९५६ मध्ये आम्ही द्वैभाषिकात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ग्रंथालयांच्या प्रत्येक योजनेच्या वेळी वऱ्हाड सीमेच्या पलीकडे राहिला. मागासलेपणाचे खापर आपण लोकांच्या अनास्थेवर फोडतो. पण कोणती पेटी कोणत्या सीमेपर्यंत जाणार, हे बहुधा कचेरीत ठरलेले असते.

३

याच काळात एका शिक्षकाने, सरकारच्या कोणत्याही योजनेशिवाय, किशोरांना वाचनाची गोडी कशी लावावी याचा एक सुंदर प्रयोग केला. स्थळ अंमळनेर, खानदेश. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची देखभाल करत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहीत. रोजच्या रोज, मुले उठायच्या आत. त्यात छात्रालयातल्या घडामोडी असत, गोष्टी असत, थोरांच्या आठवणी असत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले.

या प्रयोगाचे मर्म कशात होते? ‘श्यामची आई’च्या प्रसिद्धीमुळे साने गुरुजी म्हणजे संस्कार असे समीकरण झाले आहे. पण त्या हस्तलिखित दैनिकाकडे मुलांच्या बाजूने पाहा. आज काय लिहून आले असेल ही उत्सुकता, त्यात आपल्या खोलीचा उल्लेख असेल का ही हुरहुर, आणि हे सारे आपल्यासाठी, आपल्या माणसाने लिहिले आहे ही जाणीव. परीक्षा नाही, सारांश लिहायचा नाही. संस्कार झाले असतील तर ते या आनंदाच्या पाठीवर बसून आले. क्रम उलटा केला की काय होते, ते पुढे दिसतेच.

किशोरवयीन मुलांच्या वाचनाच्या इतिहासात एक दुसरा प्रवाहही वाहत होता. तो आपण सहसा लेखांत आणत नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या मुलांना तोंडपाठ होती. ही पुस्तके नामांकित वाचनालयांच्या यादीत क्वचितच सन्मानाने बसली. ती भाड्याने पुस्तके देणाऱ्या टपरीवजा दुकानांतून, एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून, न्हाव्याच्या बाकड्यावरून फिरली. माझे स्वतःचे पहिले आपण होऊन वाचलेले पुस्तक असेच आहे. मुखपृष्ठ फाटलेले, शेवटची आठ पाने गायब. खुनी कोण हे मला कळलेच नाही. त्या आठ पानांच्या शोधात मी जेवढे वाचले तेवढे कोणत्याही गुरुजींनी माझ्याकडून वाचवून घेतले नसते.

आमच्या गावातही एक वाचनालय होते. काचेची तीन कपाटे. किल्ली एका सद्गृहस्थाकडे असे आणि ते सद्गृहस्थ बहुधा शेतात असत. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. नावे पाठ झाली होती, आत काय आहे ते ठाऊक नव्हते. एकदा धीर करून मागितले तेव्हा त्यांनी कौतुकाने विचारले, “काय करतं रे वाचून? आधी गणित पाहा.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुस्तक ही जपून ठेवायची वस्तू आहे आणि पोरगे हे ती वस्तू खराब करणारे आहे, एवढीच त्यांची समजूत होती.

४

ही समजूत एकट्या त्या गृहस्थांची नव्हती. ती व्यवस्थेतच मुरलेली होती. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्याने फार मोठे काम केले हे आधी मान्य केले पाहिजे. गावोगावच्या संस्थांना शासनमान्यता मिळाली, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान सुरू झाले, आणि आज मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. इतके दाट जाळे देशात फार थोड्या राज्यांत असेल.

पण जाळ्याची वीण कशी आहे? आपली ग्रंथालये संस्था चालवतात, शासन अनुदान देते. ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा, त्यासाठीची आंदोलने जुनीच. वाचकाने वर्गणी भरायची, अनामत ठेवायची. मोठ्या माणसाला ती रक्कम किरकोळ वाटते. आठवीतल्या मुलीला ती बापाकडे मागावी लागते, आणि बाप विचारतो, कशाला? मग तपासणी. तपासणी अधिकारी दाखल नोंदवही पाहतो, सभासदसंख्या पाहतो, ग्रंथ मोजतो, नियतकालिके मोजतो. एखाद्या पुस्तकाची पाने मुलांच्या हाताळण्याने मऊ झाली, बांधणी सुटली, तर नोंदवहीत ते नुकसान ठरते. हरवले तर भरपाई. अशा हिशेबात शहाणा ग्रंथपाल काय करील? कुलूप लावील.

आणखी एक फट आहे. बालविभाग असतो, तो लहान मुलांचा. मोठ्यांचा विभाग असतो. मधल्या, बारा ते अठराच्या वयाला आपल्या ग्रंथालयांत नावच नाही. त्या वयाच्या मुलाला चिमणी-कावळ्याच्या गोष्टींची लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटाकडे गेला तर भुवया उंचावतात. मुलगी असेल तर जास्तच. मराठी नियतकालिकांनी या वयाची दखल ग्रंथालयांच्या आधी घेतली. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ च्या नोव्हेंबरात मासिक काढले तेव्हा त्याचे नावच ‘किशोर’ ठेवले. उत्तम चित्रकार आणि नामवंत लेखक तेथे मुलांसाठी काम करत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच वयाच्या मुलांचा लाडका झाला, कारण तो कोणाला शहाणपण शिकवत नव्हता. तो संकटात उडी घेत होता. मजकूर होता, लेखक होते. त्या मजकुरापासून त्या वयापर्यंतची वाट मात्र कोणी बांधली नाही.

अमेरिकेत ती वाट कशी बांधली गेली ते पाहण्यासारखे आहे. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२५ मध्ये किशोरांसाठी स्वतंत्र दालन उघडले आणि त्याला ‘ट्रेझर आयलंड’च्या लेखकाचे, स्टीव्हन्सनचे नाव दिले. एखाद्या तत्त्ववेत्त्याचे नाव दिले नाही, ही निवड बोलकी आहे. बाल्टिमोरमध्ये मार्गारेट एडवर्ड्स या ग्रंथपाल बाईंनी चाळिशीच्या दशकात पुस्तकांनी भरलेली घोडागाडी गरीब वस्त्यांतून फिरवली. त्यांच्या हाताखाली काम शिकणाऱ्यांना एक अट होती: मुलांना पुस्तक सुचवण्याआधी स्वतः अशी तीनशे पुस्तके वाचायची. मला ही अट घोडागाडीपेक्षाही मोठी वाटते. वाढणाऱ्याने आधी चव घेतलेली असावी.

५

अलीकडच्या काळात आपल्याकडेही चांगली कामे झाली. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचक चळवळ हा शब्द रुजवला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानात विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू झाला. देणगीतून ग्रंथपेट्या तयार करायच्या, त्या वाचकांच्या गटाकडे ठेवायच्या, काही महिन्यांनी अदलाबदल करायची, वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढे मुलांच्या पेट्याही निघाल्या आणि पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. बडोद्याची पेटी शंभर वर्षांनी, सरकारी शिक्क्याशिवाय, पुन्हा चालू लागली. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वरजवळचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत कपाटे उघडी आहेत, पुस्तक काढायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून शाळांत साजरा होतो.

या शेवटच्या उपक्रमाविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे. हेतू उत्तम आहे. पण मी अशा काही दिवशी शाळांत पाहुणा म्हणून गेलो आहे. पुस्तके टेबलावर मांडलेली असतात. मुले रांगेने येतात, दिलेले पुस्तक उघडतात, फोटो निघतो. मग वाचनाचे महत्त्व या विषयावर मोठ्या माणसांची भाषणे होतात, त्यात मीही आलो. त्यानंतर निबंधस्पर्धा. संध्याकाळी पुस्तके पुन्हा कपाटात जातात. वर्षातल्या एका दिवसाच्या महाप्रसादाने भूक भागत नाही हे आमच्या भागातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. घरी चूल रोज पेटावी लागते.

सध्या एक नवे चित्र दिसते आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत गंभीर आहे. आमच्या जिल्ह्यातल्या तालुक्या-तालुक्यांत, गावांतही, वाचनालये मुलांनी भरलेली आहेत. इतकी की सकाळी जागा धरावी लागते. वाचनालयाचे आता ‘अभ्यासिका’ झाले आहे. मुले घरून आपली पुस्तके आणतात: पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक. आठ-दहा तास मान खाली घालून बसतात. भिंतीलगतच्या कपाटांकडे कोणी पाहत नाही. त्या मुलांना मी दोष देणार नाही. कोरडवाहू शेती, बेभरवशाचा पाऊस, सोयाबीनचा भाव. या घरांतून आलेल्या पोराला नोकरीची परीक्षा म्हणजे काय असते ते मला माहीत आहे. अभ्यासिका हवीच. पण ग्रंथालयाच्या छपराखाली, हजारो पुस्तकांपासून चार फुटांवर, एक अख्खी पिढी ग्रंथालयाचे एकही पुस्तक न उघडता मोठी होत आहे. आणि परीक्षेत जे निवडले जात नाहीत, म्हणजे बहुसंख्य, त्यांच्या हाती त्या वर्षांतून काय उरते? वाचन म्हणजे अपयशाची आठवण, एवढेच उरले तर ती मुले पुढे आपल्या पोरांना पुस्तक देतील असे मला वाटत नाही.

६

दोन वर्षांपूर्वी उत्सवाच्या दिवसांत मी हिवऱ्याला गेलो होतो. सोबत एक कापडी पिशवी होती, त्यात पंधराएक पुस्तके: रहस्यकथा, शिकारकथा, प्रवास, विज्ञानकथा, दोन फास्टर फेणे. संशोधन म्हणावे असे काही मनात नव्हते. एका ओळखीच्याच्या ओसरीवर बसलो आणि पुस्तके सतरंजीवर पसरून ठेवली. बोललो काहीच नाही. थोड्या वेळाने वाढपाचे काम आटोपलेली तीन-चार पोरे पाणी प्यायला आली. त्यांतला एक, नववीतला असावा, उकिडवा बसून पुस्तके उलटीपालटी करू लागला.

“काका, हे परीक्षेले येते काय?”

“नाही.”

“मंग याच्यावर लिहून द्या लागते काय?”

“नाही.”

“मंग काहून आणले?”

मी म्हणालो, मला आवडली म्हणून. त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग एक रहस्यकथा उचलली, पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. बाकीच्यांनी हाका मारल्या, तो उठला नाही. तासाभराने मला निघायचे होते. पुस्तक निम्मे झाले होते. घेऊन जा म्हटले, तर त्याने विचारले, “नाव लिहून घेता काय?” नको म्हटले. अनामत? तो शब्द त्याला ठाऊक नव्हता, मीही सांगितला नाही.

एका मुलावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी जाणतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जे जे प्रयोग जगले ते याच तीन गोष्टींवर जगले, असे मला दिसते. पुस्तक वाचकाकडे गेले: बडोद्याची पेटी, बाल्टिमोरची गाडी, नाशिकची पेटी. निवड मुलाची राहिली: खेळाच्या दालनात, भिलारच्या उघड्या कपाटांत, एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर. आणि वाचल्याबद्दल त्याच्याकडून काही वसूल केले गेले नाही. सारांश नाही, निबंध नाही, फोटो नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे एक आहे. त्यातल्या ‘त्याचे’ या शब्दाकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. आम्ही ठरवलेले पुस्तक आणि त्याचे पुस्तक यांत फरक असतो.

यासाठी नवी इमारत लागत नाही. अभ्यासिकेच्या प्रत्येक टेबलावर, मार्गदर्शकांच्या शेजारी, दहा गोष्टीची पुस्तके उघडी ठेवता येतील. डोके शिणले की हात तिकडे जाईल. किशोरांसाठी अनामत माफ करता येईल. तपासणीच्या तक्त्यात वाचून फाटलेल्या पुस्तकांचा रकाना नुकसानाकडून कामगिरीकडे हलवता येईल. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला, वर्षाला तीनशे नकोत, तीस किशोरपुस्तके वाचण्याची सवड देता येईल. आणि जेथे लाख माणसांची पंगत बसवण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे, त्या गावातल्या पोरांकडेच गावोगाव पेट्या फिरवण्याचे काम सोपवता येईल. वाढायला त्यांना शिकवावे लागणार नाही.

ते पुस्तक मला अजून परत आलेले नाही. गेल्या वर्षी त्या ओळखीच्या गृहस्थांनी फोनवर ओशाळून सांगितले, की पोरगे म्हणते, पुस्तक वर्गात फिरत आहे, आता कोणाकडे आहे ते त्यालाही ठाऊक नाही. शेवटची पाने शाबूत आहेत ना, एवढे मात्र मी विचारून घेतले.